घाटावरचे दर्यावर्दी

काकती गावाला पूर्वजांचा अभिमान शिकवावा लागत नाही. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचं हे माहेर. १७७८ साली इथल्या देसाई घराण्यात त्यांचा जन्म झाला आणि १८२४ साली त्यांनी कंपनी सरकारशी दिलेली झुंज इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. दुसरा अभिमान पलटणीचा. बेळगावच्या कॅम्पात १९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. इकडे काकती-होनग्यापासून वंटमुरी घाटापलीकडे संकेश्वर, निपाणी, चिकोडीपर्यंत आणि सीमेच्या त्या अंगाला चंदगड, गडहिंग्लज, कागलपर्यंत घराघरात कुणी ना कुणी फौजी निघतोच. त्यामुळे ‘आमचे आजोबा लष्करात होते’ असं कुणी सांगितलं की ऐकणारा मान डोलावतो आणि विषय तिथंच संपतो. ही पुस्तिका तिथून पुढं विचारते: लष्करात म्हणजे नेमकं कुठं? कारण या आजोबांपैकी काही जण पलटणीत नव्हतेच. ते नौदलात होते.

आंबोलीचा नाहीतर चोर्ल्याचा घाट उतरल्याशिवाय इथून समुद्र दिसत नाही. म्हणून नौदलात गेलेला माणूसही या भागात पलटणीच्याच खात्यावर जमा होतो. त्याचं जहाज कुणाच्या लक्षात राहत नाही, त्याचा हुद्दा कुणाला उच्चारता येत नाही. सुट्टीवर आला की तोही घरच्या रानात राबायचा, परत जाताना बेळगाव स्टेशनवरून गाडीत बसायचा. पुढं काय, ते घरच्यांनी पाहिलेलं नसायचं. अशा माणसाची आठवण दोन पिढ्यांत किती झिजते ते गावात चार घरं फिरलं की कळतं. ‘आमचा आज्जा बोटीवर हुता म्हणं. कुठली बोट, कवा गेल्ता, काय म्हाईत न्हाई बगा,’ एवढ्यावर बोलणं थांबतं. पुढच्या पिढीत तेवढंही राहणार नाही. ते राहावं, आणि नुसतं राहू नये तर खरं राहावं, यासाठी हा उद्योग.

शोधाची पहिली पायरी म्हणजे ‘बोटीवर होते’ या सांगण्यामागं काय काय असू शकतं ते समजून घेणं. पहिल्या महायुद्धात या भागातली हजारो माणसं बोटीनं परमुलखात गेली, पण ती पायदळातली होती. पुणे डिव्हिजन १९१४ साली मुंबईहून जहाजांत बसून इराणच्या आखातात उतरली. पुढं १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी इराकमधल्या कूतच्या वेढ्यात सापडल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेनं शरणागती पत्करली. ज्या घरात ‘बसरा’ हे नाव ऐकू येतं तिथं पहिला संशय पायदळाचाच घ्यावा. तरीही घाई करू नये. त्याच बसऱ्यात नदीवर चालणाऱ्या बोटींचं वेगळं खातं होतं आणि तिग्रिसमधून माणसं, दाणागोटा, जखमी वाहायला हिंदुस्थानातून खलाशी आणि कामगार नेले होते. म्हणजे एकाच बसऱ्याला गेलेले दोन आजोबा, पण त्यांचे कागद दोन वेगळ्या ठिकाणचे. तिसरा कुणी व्यापारी जहाजावरचा खलाशी असेल, चौथा मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात कारागीर असेल. डॉकयार्ड १७३५ पासूनचं, आणि तिथं काम करणाराही गावी आल्यावर ‘नेव्हीत आहे’ असंच सांगायचा. त्यात खोटं काही नव्हतं. पण शोध घेणाऱ्याला त्याचं नाव खलाशांच्या यादीत सापडणार नाही.

आणखी एक गुंता जुन्या पलटणीचा. मुंबई सरकारच्या फौजेत १७७७ साली उभी राहिलेली मरीन बटालियन नावाची पायदळाची तुकडी होती. कंपनीच्या जहाजांवर शिपायांच्या तुकड्या पुरवणं हे तिचं मूळ काम. पुढं ती २१ वी बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री म्हणून ओळखली गेली, १९०३ साली १२१ वी पायोनियर्स झाली आणि १९३३ साली सगळ्याच पायोनियर पलटणी मोडल्या तेव्हा संपली. पणजोबांच्या पदकावर ‘मरीन’ दिसलं म्हणून ते खलाशी होते असं ठरत नाही. ते बंदूकधारी शिपाई असतील, आणि त्यांचा माग लष्कराच्या कागदांतच लागेल.

आता खुद्द नौदलाकडे येऊ. त्याची नावं इतक्यांदा बदलली आहेत की कागदावरचं नाव हाच कालखंड ओळखायचा सर्वांत सोपा मार्ग ठरतो. कंपनीची जहाजं १६१२ साली सुरतेला आली. १६८६ पासून बॉम्बे मरीन, १८३० साली इंडियन नेव्ही, १८६३ साली पुन्हा बॉम्बे मरीन, १८७७ साली इंडियन मरीन, १८९२ साली रॉयल इंडियन मरीन, १९३४ साली रॉयल इंडियन नेव्ही आणि २६ जानेवारी १९५० पासून भारतीय नौदल. घरातल्या कागदावर ‘आर.आय.एम.’ असेल तर माणूस १९३४ पूर्वी भरती झालेला. ‘आर.आय.एन.’ असेल तर त्यानंतरचा, आणि या भागातला असेल तर बहुधा दुसऱ्या महायुद्धातला.

बहुधा म्हणण्याला कारण आहे. महायुद्धापूर्वी नौदलातली खलाशांची भरती मुख्यतः रत्नागिरी किनाऱ्यावरची, आणि तीतही कोकणी मुसलमान घराण्यांतली. बापामागून मुलगा, चुलत्यामागून पुतण्या, असा तो रिवाज होता. १९३९ साली युद्ध पेटलं तेव्हा खलाशांची संख्या जेमतेम पावणेदोन हजारांच्या घरात होती. युद्ध संपेपर्यंत ती पंचवीस हजारांच्या पुढं गेली. एवढी माणसं एकट्या किनाऱ्यावरून मिळणं शक्य नव्हतं. नवी जहाजं बिनतारी यंत्रांची, रडारची, वाफेच्या आणि तेलाच्या इंजिनांची. त्यांना दर्याची सवय असलेल्या माणसांइतकीच चार इयत्ता शिकलेली, हातात हत्यार धरता येणारी पोरं हवी होती. मुंबईला गिरणीत किंवा गोदीत कामाला गेलेला, गावकीच्या खोलीत राहणारा घाटावरचा जवान अशा वेळी भरतीच्या रांगेत उभा राहिला तर नवल नाही. म्हणून १९४० ते १९४५ ही पाच-सहा वर्षं आपल्या शोधात सर्वांत महत्त्वाची.

त्याआधीचा काळ कुणाच्या मनात असेल तर तोही सांगतो. कोल्हापूरकर छत्रपतींचं आरमार मालवणात होतं. चिकोडी आणि मनोळी या आपल्या उंबऱ्यावरच्या तालुक्यांसाठी कोल्हापूर, पेशवे आणि निपाणकर यांच्यात वर्षानुवर्षं ओढाताण चालली. १८१२ सालच्या तहात कोल्हापूरनं मालवणचं बंदर इंग्रजांना दिलं आणि चिकोडी-मनोळीवरचा हक्कही सोडला. म्हणजे घाटावरची शेतं आणि घाटाखालचं आरमार एकाच दरबारात मोजलं जात होतं आणि एकाच तहात हातचं गेलं. त्याच साली सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ला इंग्रजांकडे आला आणि पुढं बेळगावच्या छावणीचं आणि बाजारपेठेचं बंदर झाला. कापूस त्या वाटेनं खाली जायचा, पलटणी त्या वाटेनं वर यायच्या. तेव्हा घाटावरच्या माणसाचा समुद्राशी संबंध नव्हता असं मानायचं कारण नाही. मात्र मराठेशाहीच्या आरमारात आपला पूर्वज होता हे सिद्ध करायचं तर मोडी वाचावी लागते. पुण्याचं पेशवे दफ्तर आणि कोल्हापूरचं पुराभिलेखागार या त्यासाठीच्या जागा. गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड छापील असल्यानं सुरुवातीला हाताशी ठेवावेत.

इथं एक स्पष्ट बोलतो. आडनावावरून आरमार शोधू नये. मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, कान्होजी आंग्रे १७२९ साली वारले, विजयदुर्ग १७५६ साली तुळाजी आंग्र्यांच्या हातून गेला, आणि तेव्हापासून आजवर सरखेलांशी नातं सांगणारी घराणी वाढतच आली आहेत. सरखेल एकच असतो; त्याच्या गलबतांवर तांडेल, सारंग, सुकाणी, गोलंदाज आणि खलाशी शेकड्यांनी असतात. आपला पूर्वज त्या शेकड्यांतला असण्याचा संभव कितीतरी मोठा आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. बॉयलरच्या तोंडाशी कोळसा ओढणारा स्टोकर, भटारखान्यातला आचारी, साफसफाई करणारा टोपास यांच्यावाचून कुठलीच बोट बंदराबाहेर पडली नाही. शोध घेताना मनात सरखेल धरला तर स्टोकर समोर असून दिसत नाही.

व्यापारी जहाजांच्या याद्या पाहणाऱ्यांसाठी याच ओघात एक सावधगिरी. त्यांत माणसाच्या नावापुढं ‘भंडारी’ दिसलं की आपण ती जात किंवा आडनाव समजतो. जहाजावर भंडारी म्हणजे स्वयंपाकाचं पाहणारा. तसाच ‘कसाब’ म्हणजे कोठारावरचा माणूस. जातीच्या रकान्यात हे शब्द भरून पुढं वंशावळ लावली तर सगळीच वाट चुकते.

दुसऱ्या महायुद्धातल्या माणसाचा माग काढताना सर्वांत मोठा घोळ जहाजांच्या नावांनी होतो. नौदलात किनाऱ्यावरच्या तळांनाही जहाजाचंच नाव देतात आणि कागदावर ते जहाज म्हणूनच लिहितात. ‘आजोबा शिवाजी बोटीवर होते’ असं घरात सांगतात, आणि शिवाजी १९४५ पासून लोणावळ्याच्या डोंगरात उभी आहे. ती यांत्रिकी शिक्षणाची शाळा. ‘तलवार’ ही कुलाब्यातली संदेशवहनाची शाळा होती. ‘वलसुरा’ जामनगरला, ‘वेंदुरुथी’ कोचीनला. ‘डलहौसी’ म्हणजे मुंबईच्या फोर्टातल्या कॅसल बॅरेक्स. १९५१ पासून तिचं नाव ‘आंग्रे’. ‘बहादुर’, ‘हिमालय’ आणि ‘चमक’ हे कराचीतले तळ, फाळणीनंतर पाकिस्तानात गेलेले. एखाद्या आजीच्या तोंडी ‘ते कराचीला शिकायला होते’ असं आलं तर ते उडवून लावू नये; तोफखान्याची किंवा रडारची शाळा तिथंच होती. शिवाय नावं पुन्हा पुन्हा वापरली जातात. कुलाब्याच्या शाळेनंतर ‘तलवार’ नावाची एक युद्धनौका आली, आणि २००३ साली रशियात बांधलेली दुसरी. म्हणून नावाबरोबर साल विचारल्याशिवाय पुढं जायचं नाही.

खऱ्या जहाजांच्या कहाण्या मात्र ऐकण्यासारख्या आहेत. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी ‘बंगाल’ नावाची आपली लहानशी सुरुंगशोधक बोट ‘ओंडिना’ या डच तेलवाहू जहाजाला सोबत करत हिंदी महासागरातून येत होती. समोर ‘होकोकु मारू’ आणि ‘आयकोकु मारू’ ही दोन जपानी जहाजं आली, आकारानं आणि तोफांनी कितीतरी भारी. बंगालनं पळ काढला नाही, उलट चाल केली. त्या चकमकीत होकोकु मारू बुडालं आणि बंगाल, ओंडिना दोन्ही तगली. ‘जमुना’ आणि ‘सतलज’ १९४३ साली सिसिलीवर फौजा उतरवण्याच्या मोहिमेत होत्या. ‘पठाण’ १९४० च्या जूनमध्ये मुंबईजवळच बुडाली. घरातल्या पदकांत बर्मा स्टार असेल तर आजोबा ब्रह्मदेशात चालत गेलेच असं नाही. बंगालच्या उपसागरात ठराविक सेवा केलेल्या खलाशांनाही तो मिळे. पहिल्या महायुद्धातलं पदक असेल तर ते उजेडात धरून त्याची कड बघावी. तिथं बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि दल कोरलेलं असतं. चिंच-राखेनं घासून चकचकीत करायचा मोह आवरावा. कडेवरची अक्षरं गेली की सगळंच गेलं.

पदकापेक्षाही मोलाचा असतो तो खलाशाचा सेवेचा दाखला, सर्व्हिस सर्टिफिकेट. जाड, कापडासारखा चिवट, आडवा-उभा दुमडलेला कागद. घड्यांवर तो पिवळा पडून फाटायला आलेला असतो. पुढच्या बाजूला नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, गाव, धर्म, भरतीपूर्वीचा धंदा. त्याखाली माणसाचं वर्णन: उंची, छातीचा घेर, केसांचा आणि डोळ्यांचा रंग, अंगावरच्या खुणा. फोटो नसलेल्या आजोबांचं रूप म्हणून घरच्यांच्या हाती एवढंच राहिलेलं असतं. डाव्या भुवईवरचा व्रण किंवा मनगटावरचं गोंदण वाचून लोकांना काय वाटतं ते त्यांच्या तोंडाकडे पाहूनच कळावं. मागच्या बाजूला जहाजांची ओळीनं नावं, कुठल्या तारखेला चढला, कुठल्या तारखेला उतरला. एका कडेला दरवर्षीची वर्तणूक, ‘व्ही.जी.’ म्हणजे फार चांगली. ब्रिटिश नौदलाच्या दाखल्यावर एक सूचना छापलेलीच असे: माणसाला वाईट वर्तणुकीवरून किंवा अप्रतिष्ठेनं काढलं तर या कागदाचा कोपरा कापावा. आपलं जुनं नौदल कागदपत्रांत ब्रिटिशांच्याच वळणावर चाले. तेव्हा असा कागद हाती आला की आधी त्याचे चारही कोपरे बघावेत.

कोपऱ्यांवरून १९४६ सालाकडे यावंच लागतं. १८ फेब्रुवारीला तलवारवर खलाशांनी अन्न, पगार आणि अधिकाऱ्यांची शिवीगाळ यांवरून काम बंद केलं. बघता बघता ७८ जहाजं आणि सुमारे २०,००० खलाशी त्यात ओढले गेले, युनियन जॅक उतरले, काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट अशा तिघांचे झेंडे एकत्र चढले. २१ तारखेला कॅसल बॅरेक्सवर गोळीबार झाला. त्या बॅरेक्सला सुरुवातीला ज्यांचा वेढा होता ते जवान मराठा पलटणीचे, म्हणजे ज्या रेजिमेंटचं केंद्र आपल्या कॅम्पात आहे तिचे. भिंतीच्या आत आणि बाहेर एकाच मुलखातली, एकच भाषा बोलणारी माणसं असावीत हे इथल्या वाचकाला आतून हलवणारं आहे. निदान मला तरी त्याचा विचार करताना दर वेळी थांबावं लागतं. २२ तारखेला मुंबई बंद झाली, रस्त्यावर दोनशेहून अधिक माणसं मेली. २३ तारखेला सरदार पटेलांच्या आणि लीगच्या सल्ल्यानंतर खलाशांनी शरणागती दिली.

त्यानंतर शेकडो खलाशांना नोकरीतून काढून मूळ गावी धाडलं. यातला कुणी घाटावर परतला असेल तर त्यानं काय सांगितलं असेल? पेन्शन नाही, दाखला खराब, आणि गावात फौजीची इज्जत शाबूत ठेवायची. बहुतेक जण गप्प बसले. घरात एवढंच उरलं की आजोबांनी नेव्ही ‘सोडली’. पुढं केंद्र सरकारनं स्वातंत्र्यसैनिकांच्या सन्मान पेन्शनसाठी ज्या लढ्यांना मान्यता दिली त्यांत १९४६ चा हा उठाव आहे. म्हणजे ज्या कागदामुळे एका माणसानं तोंड मिटलं तोच कागद त्याच्या लढ्याचा पुरावा ठरतो. ज्यांच्या घरी १९४६ च्या फेब्रुवारी-मार्चनंतर नोकरी अचानक तुटल्याची आठवण आहे त्यांनी तिची वाच्यता करायला अजिबात संकोचू नये. बाबुराव ठाकूर यांनी १९१९ मध्ये सुरू केलेल्या ‘तरुण भारत’च्या त्या महिन्यांतल्या जुन्या फायली पाहायला मिळाल्या तर जरूर पाहाव्यात, त्या दिवसांत आपल्या गावात काय वाचलं जात होतं ते त्यातून उमगतं.

जे परत आलेच नाहीत त्यांचा शोध, विचित्र वाटेल, पण सर्वांत सोपा आहे. समुद्रात गेलेल्याला थडगं नसतं, म्हणून त्याचं नाव स्मारकावर येतं. पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचं स्मारक मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या नौदलाच्या आणि व्यापारी जहाजांवरच्या सुमारे ६,५०० जणांची नावं एका नोंदवहीत आहेत. तिची एक प्रत त्याच इमारतीत आणि दुसरी बांगलादेशात चितगावच्या युद्धस्मशानात. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशननं ही सगळी नावं घरबसल्या शोधता येतील अशी ठेवली आहेत, आणि बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, जिल्हा असतो. तिथं ‘बेळगाव’ एवढाच शब्द टाकून जिल्ह्यातली सगळी नावं आधी वाचून काढावीत. ठराविक आडनावाचा हट्ट धरला तर स्पेलिंगमध्येच माणूस हरवतो. स्वातंत्र्यानंतरच्या काळातलं नाव शोधत असाल तर १९७१ सालच्या ९ डिसेंबरला आपल्या नौदलाची ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ खलाशी कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह गेले. त्यांचं स्मारक दीवला आहे.

देशावर आणि कोकणात अनेक गावांत चावडीपाशी पहिल्या महायुद्धाचा दगड बसवलेला दिसतो. या गावातून इतके गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. नाव एकाचंही नाही. तो आकडा आणि आपल्या घरच्या आठवणी यांची सांगड घालायला बसलं की आकड्यापेक्षा नावं कमी पडतात. ज्यांची नावं गळाली त्यांत बोटीवरचे किती असतील याचा अंदाज यावरून करावा.

नावांचा प्रश्न आपल्याकडे खरोखर बिकट. एकाच घराण्याचे कागद चार लिप्यांत सापडतात: जुना करार मोडीत, शाळेचा दाखला देवनागरीत, १९५६ नंतरचा उतारा कन्नडात आणि नौदलाचा कागद इंग्रजीत. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. म्हणून त्याआधीच्या सरकारी कागदांसाठी बेंगळूरला नव्हे, मुंबईच्या पुराभिलेखागारात जावं लागतं. इंग्रज कारकुनानं ‘काकती’चं स्पेलिंग दोन-तीन प्रकारे केलेलं असू शकतं, आणि ‘बेळगाव’चंही. त्यात आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत, त्यामुळे तेच नाव एकाआड एक पिढीत येतं आणि चुलत भावंडांत तर एका वेळी तीन ठिकाणी. हा गुंता सोडवायला हेळव्यांइतकी मदत कुणाची होत नाही. बैल घेऊन, पोथी घेऊन काही वर्षांच्या अंतरानं दारात येणारा हेळवी कुळाच्या शाखा, कोण कुठून कुठं गेला, कोणाला किती मुलगे, हे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळून आहे. तो जहाज सांगणार नाही, पण सारख्या नावाच्या तिघांपैकी कोण कुणाचा मुलगा ते सांगेल. त्याला शिधा देऊन वाटेला लावायची घाई आता तरी करू नये. पंढरपूर आणि नाशिकच्या उपाध्यायांच्या वह्याही अशाच. सुट्टीत आईबापांना घेऊन यात्रेला गेलेल्या खलाशानं तिथं आपल्या हातानं सही केलेली असू शकते.

अर्ज कुठं करायचा, हे सगळे आधी विचारतात. त्याआधी नकारार्थी काम उरकावं: मराठा केंद्राचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच आहे, तिथं चौकशी करून माणूस पायदळात नव्हता याची खात्री करून घ्यावी. सांबऱ्याच्या हवाई दलाच्या शाळेमुळे ‘एअरफोर्स’ आणि ‘नेव्ही’ यांचीही काही घरांत सरमिसळ झालेली आहे. मग खलाशांच्या सेवेच्या नोंदींसाठी मुंबईत मानखुर्दच्या चिता कॅम्पमधलं ब्युरो ऑफ सेलर्स आणि पेन्शनच्या कागदांसाठी तिथल्याच ‘तानाजी’ तळावरचं नेव्हल पेन्शन ऑफिस. अर्जात सर्व्हिस नंबर असेल तर निम्मं काम झालं. तो पेन्शनच्या आदेशावर (पीपीओवर) असतो, जुन्या पाकिटांवर असतो, कधी ट्रंकेच्या झाकणावर पांढऱ्या रंगानं रंगवलेला असतो. बेळगावच्या जिल्हा सैनिक बोर्डातून अर्ज पुढं धाडला तर वजन पडतं. अधिकारी असेल तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे कागद आहेत. व्यापारी जहाजावरचा असेल तर १९१५ सालच्या ब्रिटिश जहाजांच्या खलाशी याद्या ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयाच्या प्रयत्नानं सर्वांना खुल्या झाल्या आहेत, आणि जुन्या याद्यांचा फार मोठा साठा कॅनडात न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल युनिव्हर्सिटीत आहे. वंटमुरी घाटाच्या पायथ्याच्या एखाद्या गावचं नाव अटलांटिकच्या काठावरच्या कपाटात असू शकतं, हे लक्षात ठेवून शोध घ्यावा.

पुढच्या पानांवर प्रत्येक घरासाठी एक तक्ता दिला आहे. नाव, बापाचं नाव, गाव, भरतीचं साल, नंबर, हुद्दा, जहाजं आणि तळ, परत आल्याचं किंवा गेल्याचं साल. तक्ता भरताना दोन शाया आणि एक पेन्सिल वापरावी अशी विनंती आहे: मूळ कागदावरून लिहिलं ते निळ्या शाईनं, दोन वेगळ्या माणसांनी एकमेकांना न विचारता सांगितलं ते काळ्या शाईनं, आणि एकाच तोंडून ऐकलं ते पेन्सिलीनं. पेन्सिलीचं पुसायचं नाही; पुढं कागद मिळाला की त्याच्या वर निळ्या शाईनं लिहायचं. आजी, आत्या, गावात माहेर असलेल्या लेकी यांना पुरुषांच्या आधी विचारावं, कारण पत्रं त्यांनी वाचून घेतलेली असतात आणि मनिऑर्डर कुठल्या बंदरावरून आली ते त्यांना आठवतं. शेवटचा रकाना ‘कुणी सांगितलं, कधी सांगितलं’ याचा आहे. बाकीचे सगळे रिकामे राहिले तरी चालतील. तो मात्र भरूनच तक्ता परत पाठवावा.